दर दुसरा श्वास समुद्राचा? नागपुरात बसून समुद्राच्या वायूंचा हिशेब

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

अंबाझरीला फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर ते ढकलपत्र परत आलंय. 'तुमचा दर दुसरा श्वास समुद्राने दिलेला असतो, समुद्र वाचवा.' समुद्र वाचवायला माझी ना नाही, पण कारण तरी धड द्या. तिथे लिहिलं तर चौघांनी हात जोडले, दोघांनी फुलं पाठवली आणि लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. म्हणून इथे सविस्तर टाकतोय.

त्या वाक्याचं मूळ खरं आहे. पृथ्वीवरचे हिरवे जीव वर्षाला किती कार्बन बांधतात, याचा जमीन आणि समुद्र असा एकत्र हिशेब १९९८ साली प्रसिद्ध झाला. एकूण सुमारे १०५ अब्ज टन, त्यात समुद्राचे साधारण ४८ अब्ज टन. म्हणजे प्रकाशसंश्लेषणाचं जवळपास निम्मं काम समुद्रात चालतं आणि ते करतात पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना न दिसणारे हिरवे जीव, म्हणजे वनस्पतिप्लवक. कार्बन बांधला की ऑक्सिजन सुटतोच. इथवर ढकलपत्र बरोबर.

घोळ पुढे आहे. तो ऑक्सिजन हवेत शिरून आपल्यापर्यंत येत नाही. प्लवकांना खाणारे जीव आणि मेलेल्या प्लवकांना कुजवणारे जिवाणू तो तिथल्या तिथे जवळजवळ सगळा संपवतात. कमाई घसघशीत आणि महिनाअखेरीला पासबुकात काही नाही, असा समुद्राचा संसार आहे. अ‍ॅमेझॉनच्या जंगलाचंही तेच. तळाच्या गाळात जो सेंद्रिय कार्बन गाडला जातो तेवढ्यापुरता ऑक्सिजन मागे उरतो, आणि तो भाग वर्षाच्या उत्पादनाच्या एक टक्क्याहून कमी असतो. हवेतला २०.९५ टक्के ऑक्सिजन हा असा कोट्यवधी वर्षांत साचलेला आहे.

आजचा साठा सुमारे १२ लाख अब्ज टन. वॉलेस ब्रोकर या भूरसायनशास्त्रज्ञाने १९७० सालीच दाखवलं होतं, की पृथ्वीवरचे सगळे सजीव जाळून टाकले तरी हा साठा एक टक्काही उतरणार नाही. तेव्हा समुद्र मेला तर गुदमरून मराल ही भीती पोकळ. उपाशी मराल, ही मात्र खरी.

पण मग जिवांनी बनवलेलं आणि समुद्र-हवा अशी ये-जा करणारं महत्त्वाचं काय आहे? माझ्या मते खरी गंमत किरकोळ प्रमाणात येणाऱ्या वायूंची आहे: डायमिथाइल सल्फाइड, नायट्रस ऑक्साइड, थोडा मिथेन, कार्बोनिल सल्फाइड, शेवाळांमधून येणारे ब्रोमीन-आयोडीनचे वायू. यांच्याबद्दल कुणी ढकलपत्र काढत नाही. जाणकारांनी भर घालावी.

तर्रीपोहा

काका, मी इकडे पोहे खाऊन राहिलो न तुम्ही सकाळी सकाळी समुद्र वाचून राहिले. आपल्या इथून समुद्र दिसते का? उन्हाळ्यात ४५ वर पारा गेला की आपल्याले फक्त कूलरचा वारा समजते. समुद्राच्या गॅसशी नागपूरवाल्याचं काय घेणंदेणं, तेवढं सांगून द्या.

वैनगंगाकाठ

तर्रीभाऊ, जवळचा किनाराही सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे, खरं. आणि तो मुंबईचा नाही, आंध्रचा आहे. हे कितीदा सांगितलं तरी लोकांना पटत नाही. घेणंदेणं काय ते खाली निघेलच.

महालचे_मास्तर

लेख आवडला. पाण्यातून हवेत वायू जातो कसा, हे आधी स्पष्ट केलेलं बरं, नाहीतर पुढची चर्चा हवेतच राहील.

कोणता वायू कुठे जाणार हे दोन गोष्टी ठरवतात. पहिली म्हणजे पाण्यात तो हवेच्या मानाने जास्त आहे की कमी. पाणी अतिसंपृक्त असेल तर वायू बाहेर पडतो, उणं असेल तर आत शिरतो. दुसरी म्हणजे वाट किती मोकळी आहे. पाण्याच्या अगदी वरच्या, केसाच्या जाडीएवढ्या पापुद्र्यात घुसळण जवळपास नसते. तिथून वायूच्या रेणूंना एकेक करून झिरपावं लागतं, सगळा उशीर तिथे होतो. वारा सुटला की हा पापुद्रा पातळ होतो, लाटा फुटतात, बुडबुडे आत जातात. समुद्रावरच्या मोजमापांवरून बसवलेला नियम असा, की वायूंच्या देवाणघेवाणीचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दुप्पट, तर वेग साधारण चौपट.

एक गंमत अशी की समुद्राचा वरचा घुसळलेला थर हवेशी बरोबरी साधायला ऑक्सिजनच्या बाबतीत काही आठवडे घेतो, पण कार्बन डायऑक्साइडला वर्षभराच्या आसपास लागतं. कारण तो पाण्यात नुसता विरघळत नाही, बायकार्बोनेट आणि कार्बोनेट बनून लपतो. अकरावीला हे शिकवताना मुलं माझ्याकडे संशयाने बघतात.

हिशेबनीस

मास्तर, वारा वगैरे ठीक. धागाकर्त्यांना प्रश्न. समुद्राची ऑक्सिजनची शिल्लक जवळजवळ शून्य आहे, हे मोजलं कसं? सगळ्या समुद्रावर मीटर लावले का?

वैनगंगाकाठ

हवेतला ऑक्सिजन अत्यंत बारकाईने मोजून. राल्फ किलिंग यांनी ही मोजणी १९८० च्या दशकाच्या अखेरीला सुरू केली. (हवाईत कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या चार्ल्स किलिंग यांचा हा मुलगा.) दर वर्षी उन्हाळ्यात ऑक्सिजन किंचित चढतो, हिवाळ्यात उतरतो. हा जमीन आणि समुद्र दोघांचा मिळून श्वास. पण वर्षागणिक रेघ खाली जाते आहे, दहा लाख रेणूंमागे साधारण चार रेणू दर वर्षी, कारण आपण कोळसा आणि तेल जाळतो. समुद्र खरंच हवेत अब्जावधी टन शिल्लक ओतत असता तर ही रेघ अशी उतरली नसती. घाबरू नका, या वेगाने श्वासाला काहीही होत नाही.

उलट समुद्राच्या पोटातला ऑक्सिजन १९६० पासून दोन टक्क्यांहून जास्त घटला आहे, आणि तो मात्र काळजीचा विषय आहे. गरम पाण्यात वायू कमी मावतो, शिवाय वरचं पाणी तापून हलकं झालं की खालच्यात मिसळत नाही.

दोनापावला

मी मूळची धरमपेठेची, आता गोव्यात असते आणि समुद्राच्या पाण्याच्या रसायनातच काम करते. डायमिथाइल सल्फाइडचं नाव निघालंय तर राहवत नाही.

सुरुवात हिशेबाच्या चुकीपासून होते. नद्या दर वर्षी जमिनीवरचं गंधक सल्फेटच्या रूपात समुद्रात नेऊन टाकतात. मग जमिनीवरचं गंधक संपत का नाही? कुठल्या तरी वायूच्या रूपाने ते परत येत असलं पाहिजे. बरीच वर्षं तो वायू हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा, असं धरून चालले होते. पण समुद्राच्या वरच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो, त्यात हा वायू टिकतच नाही. जेम्स लव्हलॉक १९७१ च्या अखेरीला ब्रिटनहून 'शॅकल्टन' या संशोधन जहाजावर निघाले आणि अंटार्क्टिकाच्या दिशेने जाताना पाण्याचे नमुने तपासत गेले. जवळपास सगळीकडे डायमिथाइल सल्फाइड. १९७२ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते छापलं. याच प्रवासात फ्रिजमधले क्लोरोफ्लुरोकार्बनही अटलांटिकवरच्या हवेत सगळीकडे सापडले, आणि त्यातून पुढे ओझोनचं प्रकरण उघडलं. एका माणसाने स्वतः बनवलेल्या यंत्रावर ही दोन कामं केली. मला अजूनही हेवा वाटतो.

हा वायू प्लवक मुद्दाम बनवत नाहीत. त्यांच्या पेशीत डीएमएसपी नावाचं संयुग असतं. बाहेरच्या खाऱ्या पाण्यापुढे पेशीतलं पाणी टिकवायला, थंडीला तोंड द्यायला ते उपयोगी पडतं. पेशी फुटली, कुणी चावली किंवा विषाणूने फोडली, की त्याचे तुकडे होऊन हा वायू मोकळा होतो. एमिलियानिया हक्स्ली आणि फिओसिस्टिस हे प्लवक यात आघाडीवर. त्यातलाही बहुतेक वायू जिवाणू खातात किंवा उन्हात त्याचं विघटन होतं, हवेपर्यंत पोचतो तो थोडा. तरी जगभराचा मिळून वर्षाला सुमारे २ कोटी ८० लाख टन गंधक होतं. नैसर्गिक मार्गाने हवेत जाणाऱ्या गंधकात सजीवांकडून येणारा हा सर्वांत मोठा वाटा.

ऑरेंजसिटीची_सून

ताई, म्हणजे समुद्रावर गेलं की येतो तो 'समुद्राचा वास' हाच ना? मी मुरुडची. नागपुरात आल्यापासून त्या वासाची इतकी आठवण येते की सासूबाईंच्या नकळत इतवारीतून सुकट आणते.

दोनापावला

उघड्या समुद्राचा, शेवाळ वाळत पडलेल्या खडकांचा वास बराचसा हाच. सुकटीचा नाही हं. सुकट-बोंबील आणि बंदरावरचा वास ट्रायमिथाइल अमाइनचा, मासे खराब व्हायला लागले की येतो. डायमिथाइल सल्फाइड ओळखायचा असेल तर पत्ताकोबी जास्त शिजवून बघ, किंवा मक्याच्या दाण्यांचा डबा उघडताना हुंगून बघ. तोच वायू. सासूबाईंना काही कळणार नाही.

आणि हा वास माणसापेक्षा पाखरांना जास्त कळतो. वादळी समुद्रावर राहणारी काही पाखरं याच वासावर भक्ष्याच्या जागा शोधतात, हे १९९५ साली दाखवलं गेलं. प्लवकांना कुणी खात असेल तिथे वास सुटतो, आणि प्लवक खाणाऱ्यांना खायला पाखरं येतात.

तर्रीपोहा

कोबी शिजवून समुद्र! घरी सांगतो आता, लोणावळा-अलिबाग कॅन्सल.

ढगांचा_हिशेब

मी हौशी हवामानवाला. गच्चीवर पर्जन्यमापक आहे, बाकी पदवी वगैरे काही नाही. ताई, तुम्ही मुद्द्याचं सोडून वासावर गेलात. डायमिथाइल सल्फाइड हवेत गेल्यावर एक-दोन दिवसांत त्याचा सल्फर डायऑक्साइड, मग सल्फेटचे बारीक कण होतात, आणि त्या कणांवर पाण्याचे थेंब धरून ढग बनतात. चार्लसन, लव्हलॉक, आंद्रेआई आणि वॉरन यांनी १९८७ साली यावरून भन्नाट कल्पना मांडली होती: समुद्र तापला की प्लवक जास्त वायू सोडतील, ढग जास्त पांढरे होतील, ऊन परत फिरेल, समुद्र थंड होईल. सजीवांनीच चालवलेला थर्मोस्टॅट! मग आपल्या मान्सूनच्या ढगांचं बी अरबी समुद्रातल्या प्लवकांनी पेरलेलं आहे, असं म्हणायचं का? म्हणजे विदर्भातला कापूसही त्यांचाच.

दोनापावला

कल्पना सुंदर आहे, म्हणून तर पंचवीस वर्षं लोक तिच्यामागे होते आणि समुद्र-हवा वायूंचं निम्मं संशोधन तिने उभं केलं. पण २०११ साली क्विन आणि बेट्स यांनी सगळा पुरावा मांडून दाखवलं की थर्मोस्टॅट या रूपात काही चालत नाही. लाटांच्या तुषारांतून मिठाचे आणि सेंद्रिय पदार्थांचे कणही भरपूर उडतात, ढगांना बी तिथूनही मिळतं. शिवाय वायू वाढला म्हणून कण त्याच प्रमाणात वाढत नाहीत, आणि कण वाढले म्हणून ढगही नाहीत. साखळीतली प्रत्येक कडी अपेक्षेपेक्षा ढिली निघाली.

मान्सूनबद्दल विचाराल तर माझं उत्तर 'नाही'कडे झुकतं. आपल्या आकाशात कोळशाच्या चिमण्या, वाहनं, चुली, शेतातली जाळपोळ आणि धूळ यांचे कण इतके असतात की प्लवकांचा वाटा त्यात बुडून जातो. १९९९ च्या इंडोएक्स या हवेतले कण मोजणाऱ्या मोहिमेत हिवाळ्यात हिंदी महासागराच्या उत्तर भागावर या धुरकट थराची मोठी चादर दिसली होती. प्लवकांचं गंधक खरं महत्त्वाचं ठरतं ते अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात, उन्हाळ्यात, जिथे हवा इतकी स्वच्छ असते की थोड्या कणांनीही ढगाचा रंग बदलतो.

ढगांचा_हिशेब

म्हणजे आपण इतकी घाण केली की निसर्गाचा वाटा दिसेनासा झाला. जहाजांच्या इंधनातलं गंधक २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणलं. तिथे तरी आता प्लवकांना भाव मिळेल.

दोनापावला

काही प्रमाणात, हो. भविष्याचा हिशेब करताना शुद्ध हवेत डायमिथाइल सल्फाइड किती काम करतो हे ठाऊक असणं म्हणूनच गरजेचं आहे. अठराशे सालच्या आकाशाचा अंदाज चुकला, तर माणसाने त्यात किती भर घातली तोही चुकतो.

रोखठोक_बर्डी

सगळं वाचलं. एक सरळ प्रश्न. अरबी समुद्र स्वतःच वर्षभर कार्बन डायऑक्साइड सोडतो, असं माझ्याही वाचनात आलंय. मग माणसाला, त्याच्या गाडीला आणि आमच्या एसीला कशाला धोपटता?

वैनगंगाकाठ

अर्धी माहिती बरोबर. मध्य आणि पूर्व अरबी समुद्र बारमाही कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे आपल्याच शास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखवलं. खालचं थंड, कुजलेल्या जैविक कार्बनने भरलेलं पाणी वर येतं, तापतं आणि वायू सोडतं. पण जगातल्या सगळ्या समुद्रांची बेरीज उलट आहे. माणूस जितका कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला सुमारे पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो. आणि वर हिशेबनीसांना सांगितलेली ऑक्सिजनची उतरती रेघ इथेही साक्ष देते. हवेतली वाढ समुद्राच्या पाण्यातून निघाली असती तर ऑक्सिजन असा घटला नसता. तो घटतोय, कारण काहीतरी जळतंय.

हिशेबनीस

+१. ही रेघ ढकलपत्रात टाका.

महालचे_मास्तर

अरबी समुद्राचा विषय निघाला म्हणून पुरवणी. जून ते सप्टेंबर सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याशी जो जबर वारा वाहतो, तोच पुढे आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी म्हणून येतो. हाच वारा त्या किनाऱ्यांवरचं पाणी ढकलतो, खालचं पाणी वर येतं, वायू येतात, आणि वाऱ्याचा वर्ग म्हटला तसा त्यांना बाहेर काढण्याचा वेगही तोच वाढवतो. वर्षातल्या त्या चार महिन्यांत अरबी समुद्राचं दार सताड उघडं असतं.

काटोलचा_संत्रेवाला

नमस्कार मंडळी. नायट्रस ऑक्साइडचं नाव वर आलं न मग कोणी बोललंच नाही. कृषी मेळाव्यात सांगतात की युरिया जास्त टाकला की हा गॅस निघते. तो वावरातून निघते का समुद्रातून? आमच्या युरियाचा समुद्राशी काही संबंध?

दोनापावला

पाटील, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारला. उत्तर: दोन्हीकडून, आणि संबंध आहे.

शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. हवेत शंभराहून जास्त वर्षं टिकतो, त्यामुळे निघाला कुठूनही तरी सगळ्या जगात सारखा पसरतो. तुमच्या संत्र्याच्या बागेवर जी हवा आहे तिच्यात ओमानच्या समुद्रातला नायट्रस ऑक्साइड आहे आणि ओमानच्या हवेत तुमच्या बागेतला. वर गेल्यावर ओझोनचा नाशही करतो. समुद्रातून वर्षाला साधारण ४२ लाख टन नायट्रोजन या रूपात निघतो, एकूण उत्सर्जनाच्या पाव ते पंचमांश. माणसाने वाढवलेल्या वाट्यात शेतीचं खत सर्वांत मोठं.

समुद्रात तो बनतो कसा ते नीट बघण्यासारखं आहे. मेलेले प्लवक खाली पडतात, जिवाणू त्यांना कुजवतात, ऑक्सिजन संपत जातो. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून हजार मीटरपर्यंत ऑक्सिजन जवळपास नसतो. जगात असे तीनच मोठे पट्टे आहेत, बाकीचे दोन पॅसिफिकच्या पूर्व बाजूला. ऑक्सिजन नसला की जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात, शाळेत विनायट्रीकरण शिकलो ते हे. त्यात मधली पायरी नायट्रस ऑक्साइडची. ऑक्सिजन पूर्ण शून्य असेल तर जिवाणू ती पायरी ओलांडून साधा नायट्रोजन बनवतात, निरुपद्रवी. ऑक्सिजन भरपूर असेल तर ही भानगडच होत नाही. नायट्रस ऑक्साइड साचतो तो मधल्या काठावर, जिथे ऑक्सिजन अगदी थोडा आहे, आज आहे उद्या नाही अशा जागी.

आपला पश्चिम किनारा दर वर्षी पावसाळ्याच्या शेवटी नेमका असा काठ बनतो. खालचं पाणी समुद्रबूड जमिनीवर चढतं, वरून पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसतो. हवा आत जात नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये हे मांडलं. किनाऱ्यालगत नायट्रस ऑक्साइडचा प्रचंड साठा, आणि ऑक्सिजनची ही टंचाई वाढण्यामागे जमिनीवरून येणाऱ्या नत्राचा संशय. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर काही ठिकाणी तळाशी हायड्रोजन सल्फाइडपर्यंत मजल जाते.

काटोलचा_संत्रेवाला

पण आमचं पाणी तिकडं जातच नाही न ताई. आमची जाम नदी वर्धेला मिळते.

वैनगंगाकाठ

तोच मुद्दा मला करायचा होता! काटोलचं पाणी जाम, वर्धा. नागपूर शहराचं नाग नदी, मग कन्हान, मग अंभोऱ्याजवळ वैनगंगा. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता, ती गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. कोकणातल्या समुद्राशी आपला काडीचाही संबंध नाही. आपला समुद्र पूर्वेला आहे. तिथे काय परिस्थिती आहे, ताई?

दोनापावला

तिथली गोष्ट अरबी समुद्रापेक्षा जास्त अस्वस्थ करणारी आहे.

बंगालच्या उपसागरातही मधल्या खोलीवर ऑक्सिजन जवळपास संपलेला आहे. साध्या यंत्राने मोजलं तर शून्यच दिसतो. विनायट्रीकरण करणारे जिवाणूही तिथे हजर आहेत. पण काम सुरू होत नाही! २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिसंवेदनशील उपकरणांनी मोजल्यावर कळलं की तिथे ऑक्सिजनचा अत्यल्प अंश शिल्लक आहे, अरबी समुद्राच्या पट्ट्यात नसतो तेवढा, आणि तेवढ्यानेच ती साखळी अडून राहिली आहे. तो अंश उरतो याचं श्रेय बरंचसं नद्यांना देतात. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरीचं गोडं पाणी वर पसरतं, त्यामुळे खालची पोषकद्रव्यं वर येत नाहीत आणि प्लवक कमी वाढतात. शिवाय नद्यांचा गाळ मेलेल्या प्लवकांना चिकटून त्यांना झपकन तळाशी नेतो, मधल्या थरात कुजायला वेळच मिळत नाही.

आता याच नद्यांनी गाळ कमी आणि नत्र जास्त आणायला सुरुवात केली तर? धरणांमागे गाळ अडतो. युरिया आणि सांडपाणी विरघळून पुढे जातं. उरलेला ऑक्सिजन किती थोड्याशा वाढीव अन्नाने संपेल, ही त्या शोधनिबंधाच्या लेखकांचीही चिंता आहे.

हिशेबनीस

थांबा. नाग नदीतला नत्र गोदावरीच्या मुखापर्यंत पोचतो, हे गृहीत धरताय. मध्ये गोसीखुर्द आहे. एवढा मोठा जलाशय नत्र अडवणार, तिथेही विनायट्रीकरण होणार. थेट 'नागपूरकरांनी बंगालचा उपसागर बिघडवला' असं ढकलपत्र निघायला नको.

दोनापावला

बरोबर आक्षेप. जलाशयात बराच नत्र अडतो, जिवाणू त्यातला काही हवेत घालवतात, आणि त्यात थोडा नायट्रस ऑक्साइडही असतोच. म्हणजे उपसागर वाचला तरी वातावरणाच्या खात्यात नोंद होतेच, फक्त जागा बदलते. नागपूरचा वाटा गोदावरीच्या खोऱ्यात लहान आहे. पण खोऱ्यात नागपूरसारखी शहरं आणि काटोलसारखे तालुके ओळीने आहेत.

काटोलचा_संत्रेवाला

युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने टाकायचा, पाऊस मोठा येणार असला की थांबायचं, असं आमचे कृषी सहायक सांगतात. मी ते खिशासाठी करतो, वाहून गेला की पैसा गेला. समुद्राचं आज समजलं.

तर्रीपोहा

पाटील साहेब, संत्री कधी पाठवून राहिले ते सांगा.

फुटाळ्याची_संध्याकाळ

उशिरा आले, पण एक शंका. धागाकर्त्यांनी मिथेनला 'थोडा' म्हटलंय. समुद्राच्या तळाशी तर गाळच गाळ आहे आणि गाळात ऑक्सिजन नाही. अंबाझरीत जलपर्णी कुजते तिथे काठाशी बुडबुडे मी स्वतः बघते. मग समुद्रातून मिथेन थोडाच का?

दोनापावला

अगदी योग्य शंका. तळाच्या गाळात मिथेन खूप बनतो, पण वर येईपर्यंत उरत नाही. पहिला अडथळा गाळातच. समुद्राच्या पाण्यात सल्फेट मुबलक आहे, आणि सल्फेट वापरणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्यांच्या तोंडचा घास आधी पळवतात. खाली खोल गाळात बनलेला मिथेनही वर येताना सल्फेटच्या मदतीने खाल्ला जातो. गोड्या तळ्यात सल्फेट नसल्यासारखंच, म्हणून अंबाझरीच्या गाळात मिथेनवाल्यांचं राज्य. दुसरा अडथळा खोली. तळ्यात बुडबुडा दोन-तीन मीटर चढला की सुटला. समुद्रात शेकडो मीटर चढताना तो विरघळून जातो आणि पाण्यातले जिवाणू त्याचा फडशा पाडतात. म्हणून साऱ्या समुद्रांचा मिळून वर्षाला साधारण ६० ते १२० लाख टन, जगाचं एकूण मिथेन उत्सर्जन मात्र ५५ कोटी टनांच्या वर. समुद्राच्या त्या आकड्यातही मोठा वाटा किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्याचा.

एक कोडं मात्र बरीच वर्षं छळत होतं. उघड्या समुद्रात, तळापासून चार-चार किलोमीटर वर, ऑक्सिजनने भरलेल्या पृष्ठभागाच्या पाण्यात मिथेन हवेच्या मानाने किंचित जास्त का असतो? २००८ साली एक वाट सापडली. फॉस्फरसची टंचाई असलेल्या पाण्यात काही जिवाणू मिथाइलफॉस्फोनेट नावाचं संयुग फोडून त्यातला फॉस्फरस घेतात आणि उरलेला मिथेन टाकून देतात. ऑक्सिजन असो नसो, त्यांना फरक पडत नाही.

फुटाळ्याची_संध्याकाळ

म्हणजे त्यांना मिथेन नकोच होता, फॉस्फरस हवा होता. धन्यवाद ताई. जलपर्णी काढून काठावरच कुजत टाकतात त्याने मिथेन कमी होतो का, यावर कुणाला माहिती असेल तर वेगळा धागा काढा, मी तिथे फोटो टाकते.

महालचे_मास्तर

काठावर पातळ पसरली तर हवा लागते, कुजताना मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. ओला ढीग घातला तर आतून तोच मिथेन. ढीग उलटवत राहायला हवा. नवा धागा काढा, मी येतो.